‘किती’च्या आधी ‘कशासाठी’ विचारणारे धान्याचे दुकान : मल्हारगंज, इंदूर

इंदुरात एप्रिल उजाडला की मराठी घरांमध्ये वर्षाचे गहू भरण्याची लगबग सुरू होते. छावणीच्या धान्य मंडीत नवा माल उतरतो, गल्लोगल्ली नमुन्याच्या पुड्या घेऊन व्यापाऱ्यांची माणसे फिरू लागतात, पत्र्याच्या कोठ्या धुऊन उन्हात पालथ्या पडतात आणि घरातील कर्ती बाई मूठभर दाणे तळहातावर पसरून त्यांचा रंग, भरीवपणा आणि चमक पाहत बसते. आमच्या रामबागेतील घरात हे काम आधी सासूबाई पाहत असत, त्यांच्यानंतर ते माझ्याकडे आले. इतकी वर्षे धान्य भरूनही एक गोष्ट मला मल्हारगंजातील एका लहानशा दुकानात गेल्यावरच नीट उमगली, ती अशी की त्या धान्याचे काय करायचे आहे हे ठरल्याशिवाय ते चांगले की वाईट हे सांगताच येत नाही. त्या दुकानाविषयी मी हे लिहीत आहे.

दुकान मुख्य रस्त्यावर नाही. आतल्या गल्लीत, जुन्या लाकडी माडीच्या घराच्या तळमजल्यावर ते आहे. दर्शनी पाटी लावलेली नाही, त्यामुळे आसपासचे लोक त्याला नुसते ‘चक्की’ म्हणून ओळखतात. पुढच्या खोलीत तोंडे दुमडलेली पोती ओळीने मांडलेली असतात आणि मागच्या खोलीत दगडी पाट्यांच्या दोन चक्क्या आहेत. मालक मूळचे माळव्याचे, परंतु मराठी गिऱ्हाइकांशी आयुष्यभर व्यवहार असल्याने ते आमच्याशी मराठीतच बोलतात. तीन वर्षांपूर्वी मी प्रथम तेथे गेले आणि चांगला गहू दाखवा म्हणाले, तेव्हा पोत्याकडे हात न नेता त्यांनी विचारले, “काकू, कशासाठी हवा? रोजच्या पोळीला, बाफल्याला, की रवा काढायचा आहे?” (बाफले म्हणजे कणकेचे गोळे उकडून मग भाजतात तो माळव्याचा पदार्थ.) मी सगळ्यासाठीच म्हणाले. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितले की सगळ्यासाठी एकच गहू त्यांच्याकडे नाही आणि कोणाकडेच नसतो.

त्या उत्तराचा अर्थ मला लगेच पटला, कारण त्याच वर्षीच्या पाडव्याला माझी फजिती झाली होती. दारावर आलेल्या एका व्यापाऱ्याकडून, दाणा मोठा आणि पिवळाधमक दिसला म्हणून, मी तीन कट्टे मालवी गहू घेतला होता. त्याची कणीक घट्ट झाली, पुरणपोळी लाटताना काठावर फाटू लागली, तेल-पाण्याचा हात लावून दोन तास मुरवूनही ती सैल येईना आणि अखेर शेजारच्या वहिनींकडून कणीक आणावी लागली. गहू भेसळीचा आहे असा मी समज करून घेतला. प्रत्यक्षात तो गहू अस्सल होता, फक्त तो पोळीचा नव्हता.

मालकांनी मला हा फरक अडकित्त्याने दाखवला. एका पितळी ताटलीत त्यांनी दोन्ही प्रकारचे चार-चार दाणे ठेवले आणि ते आडवे कापले. मालवी, म्हणजे ज्याला हिंदीत कठिया म्हणतात त्या गव्हाचा दाणा कट्ट असा आवाज करून तुटला आणि त्याची आतली बाजू मधाच्या रंगाची, काचेसारखी अर्धपारदर्शक दिसली. लोकवनचा दाणा सहज कापला गेला आणि आत पांढरा, खडूसारखा निघाला. मग त्यांनी मालवीच्याच पोत्यातून आणखी काही दाणे निवडून काढले, ज्यांच्या पोटावर पांढरट ठिपके होते. शेतात नत्र कमी पडले की कठिया गव्हावर असे ठिपके येतात आणि त्या दाण्याचा रवा न होता पीठच अधिक होते, म्हणून पोते घेण्याआधी ते शंभर दाण्यांत असे किती निघतात हे मोजून पाहतात. माझ्यासमोर मोजले तेव्हा सात निघाले. इतकी मेहनत करणारा किरकोळ दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

कठिया आणि पोळीचा गहू या दोन वेगळ्या जाती आहेत. कठियाच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात, तर पोळीच्या गव्हात ४२. कठियातील ग्लुटेन घट्ट असते, परंतु ताणल्यावर लांबत नाही. म्हणून त्याची पोळी ताठर होते, आणि नेमक्या त्याच गुणामुळे त्याच्या शेवया उकळत्या पाण्यात मोडत नाहीत, त्याचा रवा शिऱ्यात मोकळा राहतो, त्याचा दलिया गिचका होत नाही आणि त्याचे जाडसर पीठ मळून आधी पाण्यात उकडून मग शेणीच्या आरावर भाजलेले बाफले आतून खुसखुशीत होतात. महाराष्ट्रात बन्सी रवा म्हणून जो पिवळसर रवा मिळतो तो याच जातीचा, आणि जगभर पास्ता बनतो तोही याच गव्हाचा. माळव्याची काळी जमीन पावसाळ्याची ओल पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर, एखाद-दुसऱ्या पाण्यात, कठिया चांगला येतो. म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या येथला राहिला आणि दाल-बाफला माळव्याच्या पानात आला. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे गव्हाचे प्रादेशिक केंद्र १९५१ पासून इंदुरात आहे. पोषण आणि पूसा तेजस हे कठियाचे वाण तेथूनच आलेले आहेत. दुकानात ‘मालवी’ एवढ्याच नावाखाली सर्व काही खपवले जात नाही, प्रत्येक पोत्यावर वाणाचे नाव खडूने लिहिलेले असते आणि ते ठाऊक नसेल तर ‘मिश्र’ असे स्पष्ट लिहिलेले असते. ही प्रामाणिकता मला फार मोलाची वाटते.

पोळीसाठी त्यांच्याकडे लोकवन आणि शरबती असे दोन गहू असतात. लोकवन या नावाचा वनाशी संबंध नाही. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसरा येथे लोकभारती नावाची संस्था आहे, तेथे तयार झालेला ‘लोक-१’ हा वाण, आणि त्या एकचा इंग्रजी उच्चार नावाला चिकटून त्याचे लोकवन झाले. त्याचा दाणा मोठा असतो, पीठ पांढरे येते, पोळी फुगते, परंतु ती संध्याकाळपर्यंत किंचित वातड होते. शरबतीचा दाणा त्याहून गोलसर आणि सोनेरी. सीहोर आणि विदिशा भागातील या गव्हाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेव्हापासून बाजारात शरबती नसलेला गहू सापडणे कठीण झाले आहे, इतके ते नाव सर्रास वापरले जाते. मुळात शरबती हे बाजाराने दिलेले नाव आहे. त्याखाली मुख्यतः सी-३०६ हा जुना उंच वाण विकला जातो, आणि इंदूरच्याच केंद्रातील सुजाता हा वाणही कित्येकदा त्याच नावाने येतो. शिवाय १९६० च्या दशकात गॅमा किरणांच्या साहाय्याने घडवलेली ‘शरबती सोनोरा’ ही निराळीच गोष्ट आहे, तिचा सीहोरच्या शरबतीशी नावापलीकडे संबंध नाही. मालकांनी मला दोन्ही गव्हांची अर्धा-अर्धा किलो कणीक दळून दिली आणि आठ दिवस वापरून मग ठरवा म्हणून सांगितले. आमच्याकडे मुलाचा आणि सुनेचा डबा सकाळी सातला भरला जातो आणि दुपारी एकला उघडतो. शरबतीची पोळी सहा तासांनंतरही घडीवर मऊ राहते हे आम्ही पडताळून पाहिले आणि किलोमागे जास्त पैसे मोजून तीच भरली. घरी गरम पोळी ताटात वाढणाऱ्यांना हा अधिक खर्च करण्याची गरज नाही, लोकवन उत्तम आहे, आणि हा सल्लाही मला मालकांनीच दिला, जरी शरबती विकण्यात त्यांचा फायदा अधिक होता.

ज्वारीच्या बाबतीत मात्र माझा अनुभव इतका चांगला नाही, आणि तो सांगितल्याशिवाय हे लिखाण खरे होणार नाही. माळव्यात एके काळी खरिपाची ज्वारी भरपूर होत असे. १९७० नंतर सोयाबीन पसरत गेले आणि ज्वारीची शेते आटली. आता इंदुरात मिळणारी चांगली भाकरीची ज्वारी बहुतेक सोलापूरकडून येते. ती रब्बीची मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला हा वाण एम ३५-१ या नावाने नोंदलेला आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. रब्बीत दाणा कोरड्या हवेत पिकतो, त्यामुळे तो मोत्यासारखा टपोरा आणि शुभ्र राहतो. खरिपाचा दाणा भरत असतानाच पाऊस लागला की त्यावर बुरशी चढते, तो काळवंडतो, आणि मग त्याची वाट कोंबड्यांच्या खाद्याकडे किंवा मद्यार्काच्या कारखान्याकडे वळते. १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ या पहिल्या संकरित वाणापासून खरीप ज्वारीचे उत्पादन वाढले हे खरे, परंतु भाकरी खाणाऱ्याची पसंती मालदांडीवरून हलली नाही. शेतकऱ्यालाही मालदांडी दोन कारणांनी हवी असते, कणसाला दाणा आणि धाटाला कडबा. एका पिकात माणूस आणि बैल दोघांची सोय होते.

गेल्या श्रावणात मी मालदांडी म्हणून दहा किलो ज्वारी आणली. उकळत्या पाण्यात पीठ भिजवले, परातीत तळहाताच्या टाचेने रगडून मळले, आणि थापायला घेतले तेव्हा भाकरीचा काठ चहूबाजूंनी चिरू लागला. तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे झाले. ज्वारीत ग्लुटेन नसते, तिचे पीठ बांधले जाते ते गरम पाण्याने फुलणाऱ्या पिष्टामुळे, म्हणजे स्टार्चमुळे, आणि दाणा जुना झाला किंवा पीठ शिळे झाले की ती शक्ती जाते. आपल्याकडे याला ‘पिठाची विरी गेली’ म्हणतात. दोन दिवस मी आपलाच हात बिघडला असे समजले. तिसऱ्या दिवशी उरलेला दाणा उन्हात नीट पाहिला तर त्यात टपोऱ्या पांढऱ्या दाण्यांबरोबर बारीक, मळकट आणि टोक्यांनी पोखरलेले दाणेही मिसळलेले दिसले. मी पिशवी परत नेली. मालकांनी मूठभर दाण्यांचा वास घेऊन, ते दातांखाली फोडून पाहिले आणि माल मिश्र असल्याचे तत्काळ मान्य केले. पैसे परत मिळाले, वाद झाला नाही. परंतु त्या पोत्यावर खडूने लिहिलेले ‘मालदांडी’ हे नाव पुढील आठवड्यात मी गेले तेव्हाही तसेच होते. गव्हाच्या बाबतीत इतकी काळजी घेणाऱ्या माणसाने हे पुसायला हवे होते, आणि मी तसे त्यांना सांगितलेही. तेव्हापासून ज्वारी घेताना मी एक पाव दळून नेते, एक भाकरी करून पाहते आणि मगच उरलेली घेते. इतरांनीही तेथे असेच करावे.

बाजरीविषयी थोडेच सांगायचे आहे. ती हिवाळ्यातच ठेवतात आणि एका वेळी दोन किलोंहून अधिक दळून देत नाहीत. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने तिचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते, म्हणून हा नियम योग्यच आहे.

मका दोन रंगांत मिळतो. पांढरा मका झाबुआ आणि अलीराजपूरकडील भिल्ल वस्त्यांत भाकरीसाठी पेरला जातो. पानांच्या दोन थरांत पीठ दाबून शेणीच्या विस्तवावर भाजलेला पानिया ही त्याची खास चीज. पिवळा मका अधिक पिकतो, परंतु त्याचा मोठा भाग माणसाच्या ताटात येतच नाही. तो कोंबडीचे खाद्य, स्टार्च आणि इथेनॉल यांत जातो. अंड्याच्या बलकाला गडद पिवळा रंग येतो तोही पुष्कळदा याच मक्यातील रंगद्रव्यामुळे. दुकानात मक्याच्या पोत्यावर ‘भाकरी’ आणि ‘खाद्य’ असे वेगवेगळे लिहिलेले असते, आणि खाद्याचा मका ते माणसांसाठी दळून देत नाहीत, कारण त्यात ओल राहिली तर बुरशीचे विष असू शकते. भुट्ट्याचा कीस करण्यासाठी कोणी वाळका मका मागितला तर ते सरळ भाजी बाजारात पाठवतात, कारण किसाला दुधाळ कणीसच लागते.

भरडधान्यांच्या कोपऱ्यात कोदो, कुटकी, नाचणी आणि उपवासाची भगर असते. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या मंडळींसाठी सांगते की इंदुरात भगर मागितली तर सर्वांना कळेलच असे नाही, येथे ‘मोरधन’ म्हणावे लागते, आणि ती एकाच जातीची असेल याचीही खात्री नसते. कुटकी आणि सावा या दोन्हींचे सोललेले तांदूळ त्याच नावाने विकले जातात. येथे दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेवतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यानंतर कोदो-कुटकीला शहरातही मागणी आली, आणि पूर्वी मंडला-दिंडोरीच्या गोंड-बैगा घरांत शिजणारे धान्य आता मधुमेहाच्या पथ्यासाठी घेतले जाऊ लागले. मी कोदो घेतला तेव्हा मालकांनी तो कधीचा आहे हे आपणहून सांगितले आणि घरी कोरड्या डब्यात ठेवण्याची सूचना दिली. ही सूचना गंभीरपणे घ्यायला हवी. ओल लागलेल्या कोदोवर येणाऱ्या बुरशीने माणसाला आणि गुरांना भोवळ येते हे आदिवासी शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बांधवगडच्या जंगलात १० हत्ती मृत्युमुखी पडले तेव्हा तपासणीत त्यांच्या पोटात कोदो आणि सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष सापडले होते. चांगले वाळवलेले, चांगले साठवलेले कोदो निर्धोक आहे. प्रश्न फक्त साठवणुकीचा आहे आणि त्याचे उत्तर विकणाऱ्याला देता यायला हवे.

तांदळात निवड कमी आहे. ग्वाल्हेर-डबऱ्याकडील काळीमूंछ आणि बालाघाटचा चिन्नोर, एवढे दोनच स्थानिक प्रकार कायम मिळतात. काळीमूंछ पुलावाला चांगला, तर चिन्नोरचा साधा वरणभातच करावा, कारण त्याला स्वतःचा सुवास आहे. आंबेमोहोर मी चार वेळा विचारला, मिळाला नाही. जव मात्र आहे, आणि तो दोन प्रकारे विकतात. कोंड्यासकट होमहवनासाठी आणि सोललेला सातूच्या पिठासाठी. तिसरा, माल्ट करून बिअरसाठी वापरला जाणारा जव थेट कारखान्यांकडे जातो, तो अशा दुकानांत येत नाही.

चक्कीविषयी स्वतंत्र लिहायला हवे, कारण धान्य उत्तम असूनही दळणात त्याचे मातेरे होऊ शकते. दोन चक्क्यांपैकी एक फक्त गव्हासाठी आहे आणि दुसरीवर ज्वारी, बाजरी, मका दळतात, त्यामुळे पोळीच्या कणकेत बाजरीचा करडा अंश येत नाही. पाट्यांमधील अंतर ते गिऱ्हाईक सांगेल तसे बदलतात. बाफल्याच्या पिठासाठी खरखरीत, पोळीसाठी बारीक, लाडवासाठी या दोहोंच्या मधले. पहिली ओंजळ बाजूला काढून ती बोटांच्या चिमटीत चोळून दाखवतात आणि मान्य झाल्यावरच पुढचे धान्य ओततात. पीठ गरम असते, ते डबा बंद न करता घरी पसरून निवू द्यायचे हेही प्रत्येक वेळी सांगतात. गेल्या वर्षी त्यांनी एका नव्या गिऱ्हाइकाला पंधरा किलो मालवी पोळीसाठी दळून द्यायला नकार दिलेला मी पाहिला. आधी दोन किलो न्या, पोळी करून पाहा आणि मग या, असे ते म्हणाले. ते गृहस्थ रागावून निघून गेले. विक्री बुडाली, परंतु तीन वर्षांपूर्वी मला कोणी असे अडवले असते तर माझा पाडवा बिघडला नसता.

काही गोष्टी मला पटत नाहीत. ‘मल्टिग्रेन’ म्हणून जे तयार पीठ तेथे ठेवले आहे त्यात गहू, ज्वारी, सोयाबीन आणि हरभरा मिसळलेला असतो, परंतु प्रमाण कोठेही लिहिलेले नाही, आणि प्रत्येक धान्याचा उपयोग निराळा हे सांगणाऱ्या माणसाने सगळे एकत्र करून का विकावे हे मला समजत नाही. विचारल्यावर, लोक मागतात म्हणून ठेवतो, एवढेच उत्तर मिळाले. खपली गहू वर्षातून एकदाच येतो आणि आठवड्यात संपतो. आमच्याकडे खपलीची खीर चैत्रात होते, त्यामुळे फाल्गुनातच नाव नोंदवून ठेवावे लागते. बाजारापेक्षा किलोमागे पाच-सहा रुपये जास्त पडतात, आणि वर्षाच्या भरणीत ही रक्कम लहान नसते. ज्यांचे उत्पन्न बेताचे आहे त्यांनी लोकवन मंडीतूनच भरावा आणि येथून केवळ रवा, बाफल्याचे पीठ आणि शरबतीचा एखादा कट्टा घ्यावा, असे मी माझ्या बहिणीलाही सांगितले आहे.

गहू भरणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. माल पोहोचवण्याची सोय फक्त रविवारी आणि किमान एका कट्ट्यावर आहे. माडीवर चढवून देतात, त्याचे पैसे वेगळे घेत नाहीत. गव्हाला एरंडेल चोळून हवे असेल तर आधी सांगावे लागते. मी चोळून घेत नाही, कारण चोळलेला दाणा पुढे निवडताना बोटांना चिकटतो आणि पोखरलेला दाणा ओळखू येत नाही. त्याऐवजी तीन दिवस उन्हात वाळवून, वाळलेला कडुनिंबाचा पाला थराथरांत घालून कोठी भरते. यंदाचा शरबती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येईल असे मालकांनी सांगितले आहे, आणि आमच्या दोन कट्ट्यांच्या चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे : रामबाग, डब्याच्या पोळीसाठी.